लगाम राखून

मी बार्शीची. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, आणि छोट्या रेल्वेनं थोडी स्टेशनं पुढं गेलं की मोगलाई. निजामाचं राज्य जाऊन वर्ष उलटलं होतं, कचेरीवर तिरंगा लागला होता, तरी माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या बायका हळहळल्या, "पोरगी मोगलाईत दिली." निघताना आत्यानं कानात सांगितलं, "तिकडं फटकन बोलू नकोस गं, तिकडच्या लोकांना सवय नसते." मी म्हटलं, लावीन की सवय.

सासरचं गाव ढोकीच्या स्टेशनावर उतरून कळंबच्या वाटेला लागलं की मध्येच एका ओढ्याकाठी. सासरे तहसिलीत पेशकार. म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचे, साहेबाच्या कपाळाकडं बघायचं आणि आठी दिसली तर उचलायचे. मी त्यांना मामंजी म्हणे. राज्य बदललं, साहेब बदलले, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली. मामंजींनी फक्त टोपी बदलली आणि त्याच खुर्चीवर बसून राहिले. गावात सध्या कुणाचं चालतं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि घरात या विद्येचा फार मान होता. वारा येईल तशी पाठ फिरवण्याला विद्या कशाला म्हणायचं, असं मला वाटे. पण नवी सून होते, मनातल्या मनात वाटून घ्यायची.

गावात पीरसाहेबांचा उरूस भरे. हिंदू-मुसलमान दोघांचा. मामंजींसारखा सोवळ्यातला माणूसही त्या दिवशी दर्ग्यात रेवड्या वाटी. दुपारी घोड्यांची शर्यत, ओढ्यापासून दर्ग्याच्या कमानीपर्यंत. संध्याकाळी संदल निघे, म्हणजे उगाळलेल्या चंदनाचं भांडं घोड्याच्या पाठीवर ठेवून वाजतगाजत दर्ग्यात न्यायचं. जो घोडा शर्यतीत पहिला, त्याच्याच पाठीवर संदल. याहून मोठा मान गावात नव्हता. शर्यतीचे पंच अर्थातच मामंजी. ते हिरवं निशाण वर धरून कमानीखाली उभे राहत, पहिला घोडा कमानीतून गेला की निशाण खाली.

पहिल्या वर्षी मी शर्यत सासूबाईंबरोबर माळवदावरून, घराच्या मातीच्या गच्चीवरून पाहिली. बार्शीला मी बैलगाड्यांच्या शर्यती पाहिलेल्या. पळवणारा माणूस पुढं झुकतो, एवढं मला कळत होतं. इथं सगळ्यांच्या पुढं जहागीरदारसाहेबांचा पांढरा घोडा. गरगरीत, पोळ्याच्या बैलासारखा नटवलेला, बाजाराला निघाल्यासारखा दुडक्या चालीनं येत होता. आणि त्याच्या मागची सगळी घोडी तोंडं वासून, माना वाकड्या करून फुरफुरत होती, कारण त्यांचे स्वार पाठीमागं रेलून जिवाच्या आकांतानं लगाम ओढत होते.

मी ओरडले, "अहो, हे सगळे मुद्दाम मागं राहतायत!"

सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला. "ओरडू नकोस. दिसतंय सगळ्यांना."

संध्याकाळी मामंजींनी मला समोर बसवून समजावलं. रागावून नव्हे. बार्शीच्या माणसाला तहजीब कमी असते, हे ते धरूनच चालत. "त्याला लगाम राखणं म्हणतात, सूनबाई. मालकाच्या पुढं घोडं काढायचं नसतं. अदब आहे ती."

"मग शर्यत कशाला घ्यायची?"

"शर्यत नाही घेतली तर मालक पहिला येणार कसा?"

याला उत्तर बार्शीतही नसतं. मी ताट वाढायला उठले.

पुढच्या उरसापर्यंत जहागीर खालसा झालेली आणि जहागीरदारसाहेब हैदराबादेत भावाकडं राहायला गेलेले. घोडा मागं ठेवून गेले. उरूस जवळ आला तशी मामंजींची झोप उडाली. आता घोडं कुणाचं पुढं काढायचं? पाटलाचं म्हणावं तर पाटीलकी राहते की जाते याचाच भरवसा नव्हता. आडत्याचं म्हणावं तर त्याच्याकडं पैसा होता, पण आडत्याला अदब दाखवायची गावाला अजून लाज वाटत होती. तिसरे आमचे पुढारी. स्वातंत्र्याच्या लढ्यात ते थोडे दिवस जेलात होते, आणि ते दिवस दर भाषणागणिक वाढत होते. त्याआधी ते जहागीरदाराच्या दिवाणखान्यात पान खायला असत, असं सासूबाई सांगायच्या, पण हळू आवाजात.

तहसीलदार नवे होते, नागपूरकडचे. त्यांच्याकडं घोडा असता तर काही प्रश्नच नव्हता. मामंजींनी त्यांना आडून आडून विचारलंदेखील, साहेबांना घोड्यांचा शौक आहे का. साहेब म्हणाले, सायकल बरी, चारा लागत नाही.

शर्यतीच्या दिवशी ओढ्याकडं बार उडाला, पण धूळ काही उठेना. आम्ही माळवदावर डोळ्यांवर हात धरून बघतोय. बऱ्याच वेळानं घोडी दिसली. एका ओळीत, पावलापावलानं चालत येत होती. स्वार एकमेकांकडं तिरके बघत होते. पंगतीत पहिल्या पाटावर कुणी बसायचं यावरून जसं "तुम्ही बसा", "छे छे, तुम्ही" चालतं, तसं चाललं होतं. एका टांग्याची तांबडी घोडी तेवढी पुढं जायला इतकी अधीर झालेली की तिला आडवी आडवी चालवावी लागत होती. कमानीच्या अलीकडं आल्यावर तर सगळेच थांबले. पुढं व्हायला कुणी तयार होईना. कोण जाणे, उद्या कुणाचं राज्य येईल.

धूळ बसावी म्हणून पखाली सकाळपासून रस्त्यावर पाणी मारत होता. त्याला वाटलं, शर्यतीला अजून वेळ आहे. त्यानं आपला पखालीचा रेडा हाकला आणि घोड्यांच्या समोरून कमानीतून पलीकडं नेला. मामंजींचा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं आपोआप खाली आला.

तहसीलदार खुर्चीवरून उठून म्हणाले, "हे काय होऊन राहिलं, पेशकारसाहेब?"

"शर्यत, सरकार."

"सुरू केव्हा होते?"

"संपली, सरकार."

त्या साली संदल दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावराच्या डोक्यावरून गेला. रेड्यावर ठेवायचा की काय, यावर चर्चा झाली नाही असं नाही.

साहेब चिडले होते. त्यांनी हुकूम सोडला, पुढच्या वर्षी शर्यत खरी झाली पाहिजे, आता लोकशाही आहे. हा हुकूम घेऊन गाव चावडीवर बसलं. पाटलांनी पहिलाच प्रश्न काढला, "खरी म्हंजे कुनाची?"

मामंजी म्हणाले, "साहेबांनी नाव घेतलं नाही. मोठा माणूस नाव घेत नसतो, आपण ओळखायचं असतं." मग त्यांनी हुकुमातला शब्द न् शब्द तपासला आणि त्यांना खूण सापडली. साहेब काय म्हणाले? लोकशाही. गावात हा शब्द उठताबसता कोण घेतं? पुढारी. झालं, साहेबांची मर्जी कळली. मामंजी घरी आले ते उड्या मारायचेच बाकी होते. पुढाऱ्यांनीही वेळ घालवला नाही. त्यांनी जहागीरदाराचा तोच पांढरा घोडा विकत घेतला, म्हणाले, "ह्याला जितायची सवय हाय." घोडा तोच, पोट फुगलेलं तेवढंच, फक्त पाठीवर मखमलीच्या जागी खादीची झूल.

आता ती तांबडी घोडी. ती ढोकीच्या स्टेशनावर टांगा हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांची. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. पोलीस ॲक्शनच्या वेळी आमच्या भागात जे झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं ते बोलत नसत. एवढं मात्र कुणालाही दिसे की पूर्वी स्टेशनावर मुसलमानांचे बरेच टांगे असायचे आणि आता एक होता. चाचा कमी बोलत. पण मी माहेराहून तान्ही लेक घेऊन परत येत होते, टांग्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि उरूस तोंडावर आलेला.

मी म्हटलं, "चाचा, यंदा तरी घोडी पळणार का?"

"बाई, हिला म्या कदी सोडलंच न्हाय," ते म्हणाले. "जहागीरदारसायबाचा हुकूम असायचा, टांग्याची घोडी बी उतरवा. हरायला बी घोडी लागत्यात न्हवं." थोड्या वेळानं पुन्हा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "वय झालं हिचं. अजून एक उरूस पळंल, लई तर दोन. म्होरं कुनी नसलं की कसं वाटतं, ते हिला ठावंच न्हाय. एकडाव सोडायची हाय मला."

"मग सोडा की! तहसीलदारांचाच हुकूम आहे, खरी पळवा म्हणून."

"ते खरं, बाई. पन आमच्यावानी मान्सानं म्होरं जायाचं म्हंजे..." एवढं बोलून त्यांनी घोडीला चुचकारलं आणि ते वाक्य तिथंच राहिलं. मला ते पुरं करता येत होतं. मला त्या गावाचा असा संताप आला की लेक मांडीवर रडायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं. एका माणसाची एवढीशी हौस, आपली घोडी एकदा मोकळी पळवायची. त्यासाठी त्याला चारी दिशांना बघावं लागावं!

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामंजींनी स्वारांना निरोप पोचवला, यंदा खादीची झूल. चाचांनाही पोचवला. चाचा म्हणे "जी" म्हणाले.

बार उडाला आणि या वेळी मात्र धूळ उठली. धुळीतून एकटी तांबडी घोडी बाहेर आली. पाठीवर खोगीर नाही, नुसती घोंगडीची घडी, आणि तिच्यावर चाचा पार मानेपर्यंत वाकलेले. लगाम इतका सैल की वाऱ्यावर हलत होता. मी घोडी पळताना पूर्वी पाहिली होती, नंतरही पाहिली. पण ती घोडी पळत नव्हती, तिचं इतक्या वर्षांचं देणं ती वसूल करत होती. मागं कुठंतरी पाटलांचा स्वार टाचा मारत होता, आडत्याच्या स्वारानं चाबूक काढलेला, आणि खादीची झूल एका अंगाला घसरून पांढऱ्याच्या पायांत येत होती. मी पाहिलं ते सांगते, त्यातला एकही मागं रेललेला नव्हता. सगळे पुढं झुकलेले होते. सगळे जीव खाऊन पळवत होते आणि हरत होते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

घोडी कमानीतून निघून गेली तरी मामंजींचं निशाण वरच. ते खादीच्या झुलीची वाट बघत होते. मग तहसीलदारांनी उठून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या, आणि वरातीमागून घोडं यावं तसं निशाण खाली आलं.

संध्याकाळी तांबडीच्या पाठीवर संदल निघाला. चाचा धुतलेला सदरा घालून लगाम धरून चालत होते. ते लोकांकडं बघतच नव्हते, घोडीच्या कानांकडं बघत होते. माझ्या दारावरून गेले तेव्हा मी त्या घोडीला लेकीच्या हातानं गूळ दिला. सासूबाईंनी चिमटा काढला नाही.

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण गावाला हरायची सवय नव्हती. त्यांना फक्त हरून दाखवायची सवय होती. रात्रभर विचार करून सकाळपर्यंत गावानं त्यावर तोड काढली. पाटील पारावर म्हणाले, "आमी राखलं म्हनून. गरीब मानूस, त्या सालात लई सोसलं बिचाऱ्यानं. म्हनलं, जाऊ द्या म्होरं." आडत्या म्हणाला, त्यानंही राखलं. ज्याच्या स्वाराचा चाबूक मी डोळ्यांनी पाहिला तो आडत्या! पुढाऱ्यांनी तर आदल्या रात्रीच स्वाराला ताकीद दिली होती म्हणे, की अल्पसंख्याक बांधवाला मान मिळू दे. टांग्याच्या घोडीनं हरवलं म्हणण्यापेक्षा आम्ही दया केली म्हणणं सोपं. शिवाय पोलीस ॲक्शनच्या त्या भादव्यात जे झालं ते फिटल्यासारखंही वाटतं. स्वस्तात फिटलं.

मामंजी जेवताना मान खाली घालून पोळी कुस्करत होते. मला वाटलं, यांना तरी लाज वाटली असेल. शेवटी भाताला हात लावता लावता म्हणाले, "साहेबांचा तसा इशारा असणार. सगळ्यांना कळला. मला कसा कळला नाही?"

"मामंजी, इशारा कसला? घोडी पळाली हो!"

ते माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "उगाच कोण पळतं, सूनबाई?"

चावडीपुढं चाचांचा सत्कार ठेवला. आम्ही बायका शेजारच्या ओट्यावर. पुढाऱ्यांनी ऐक्यावर भाषण केलं, त्यात त्यांचे जेलातले दिवस आणखी वाढले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं चाचांना फेटा बांधला आणि म्हणाले, "चाचा, गावाचे आभार मानायचे असतील तर दोन शब्द बोला."

चाचा तहसीलदारांकडं वळले. "सायेब, हे समदे म्हनत्यात, आमी राखलं. मंग उद्या परत पळू. कुनीबी राखू नका. माजी घोडी हरली तर संदलाचा मान म्या वापस केला, हा फेटा बी वापस केला."

पाटील आपल्या जोड्याकडं बघायला लागले. आडत्याला खोकला आला. मग पुढारी मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बघा साहेब, किती नम्रता! मिळालेला मान परत द्यायला निघाले!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चाचांचे पुढचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. तहसीलदारही टाळ्या वाजवत होते. त्यांचा हुकूम होता खऱ्या शर्यतीचा, आणि ती एकदा खरी झाली, हे फक्त त्यांनाच कळलं नाही.

ते वर्ष चाचांनी कसं काढलं, ते टांग्यात बसलेल्यांना ठाऊक. जो बसेल तो आधी पाय वर घेई आणि मग उपकार काढी. "आमच्या पाटलानं सोडलं म्हनून, काय चाचा?" चाचा घोडीला चुचकारत. मला एकदा म्हणाले, "बाई, हरलेलं सोसतं. जितलेलं कुनी भीक म्हनून हातावर ठिवलं की सोसत न्हाय." घोडी आता थकलेली, चढाला खोकायची. तरी त्यांनी तिला पोटाला चिमटा घेऊन हरभरा चारला. एकदा अजून जिंकली की तोंडं बंद होतील, एवढ्या आशेवर. "यंदा समद्यांनी लगाम सैल सोडावा, येवढीच दुवा मागतो," म्हणाले. स्वतःच्या विरुद्ध दुवा मागणारा माणूस मी एकच पाहिला.

गावाचं वेगळंच चाललं होतं. त्या उरसाला कलेक्टर येणार होते, इथलं ऐक्य बघायला. चावडीवर एका मुखानं ठरलं, यंदाही तांबडी घोडी पुढं. मामंजींनी घरोघर निरोप दिला, कडक बंदोबस्त, कुणी चुकूनही पुढं जायचं नाही. दोन उरसांच्या गोंधळानंतर त्यांना पुन्हा नक्की ठाऊक होतं कुणाला जिंकवायचं, त्यामुळं त्यांची तब्येत सुधारली होती. फक्त चाचांना कुणी काही सांगितलं नाही. मी सांगावं म्हणून ओढ्याकडं माणूस धाडणार होते, तोवर बार उडाला.

तांबडी सुटली. पहिल्यासारखी नाही, पण सुटली. निम्म्या वाटेवर तिला खोकला आला आणि चाल मोडली. आता कुणीतरी गाठायलाच हवं होतं. कुणी गाठेना. चाचांनी मागं वळून पाहिलं. मी माळवदावरून तेच बघत होते. सगळे स्वार पाठीमागं रेललेले, लगाम ताणलेले, घोडी तोंडं वासून माना फिरवत होती. जहागीरदाराच्या वेळी होतं, अगदी तसं. जहागीरदाराच्या जागी आता टांगेवाले चाचा होते.

कमान चार हातांवर असताना चाचांनी लगाम खेचला. तांबडी थांबली. तिच्या मागं सगळी घोडी अदबीनं थांबली.

मामंजी निशाण वर धरून दबक्या आवाजात विनवत होते, "अहो चाचा, व्हा पुढं. साहेब बघतायत." चाचा खाली उतरले. त्यांनी घोडीच्या तोंडातून लगाम काढला, खांद्यावर टाकला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि कमानीला वळसा घालून, रेवड्यांच्या दुकानांमधून ते दोघं स्टेशनाच्या रस्त्याला लागले. कुणी अडवलं नाही. मग पांढरा घोडा, ज्याला जिंकायची सवय होती, तो स्वाराच्या मनात नसताना आपला आपण डुलत कमानीतून गेला. निशाण खाली आलं. कलेक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" घरी आल्यावर मामंजी म्हणाले. "राखलीच त्यानं. मी म्हणतो ते खोटं नाही, उगाच कुणी पळत नसतं." त्या दिवशी मी त्यांना वाढलं नाही. सासूबाईंनी वाढलं, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात मी माहेरी निघाले तेव्हा टांगा चाचांचाच होता. घोडी पावलापावलानं चालत होती, गाडी चुकली असती तरी मी तिला घाई करायला सांगितली नसती. मी विचारलं, "चाचा, थांबलात का? पुढं तर तुम्हीच होता."

ते घोडीच्या कानांकडं बघत म्हणाले, "कमानीतून गेलो असतो तर मागल्या सालचं बी खोटं झालं असतं, बाई. हिनं येकच डाव जितलंय. ते तरी ऱ्हाऊ द्या तिच्याकडं."

आज त्या गावात घोडी नाहीत. दर्ग्याच्या कमानीसमोर जीपगाड्या उभ्या राहतात आणि उरसाला ऐक्यावर भाषणं होतात. त्यात एक गोष्ट हमखास सांगतात, आमच्या वाडवडिलांनी एका गरीब टांगेवाल्याला संदलाचा मान कसा मिळवून दिला. ज्यांच्या बापांचे चाबूक मी पाहिले तेच सांगतात. मी समोर असले तर मधेच उठून म्हणते, "कुणी दिला नाही. घोडी पळाली होती. मी पाहिलंय." मग सगळे माना डोलावतात, म्हणतात, "व्हय काकू, तुमी म्हनता तसंच असंल," आणि अदबीनं गप्प बसून मला जिंकू देतात.